शनिवारची अर्धी सुट्टी आणि कड्याखालचा मुक्काम : मँचेस्टर परिसरातील श्रमिक प्रस्तरारोहणाचा इतिहास

प्रस्तावना

शनिवारी दुपारी काम संपवून निघावे, रात्र कड्याच्या पायथ्याशी काढावी, रविवारी दिवसभर कातळ चढावा आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर रुजू व्हावे, हा गिर्यारोहण मंडळांचा क्रम आज इतका परिचयाचा झाला आहे की, त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. क्रीडेच्या इतिहासातही शिखरे, मोहिमा व विक्रम यांनाच स्थान मिळते. सप्ताहअखेरीचा साधा मुक्काम मात्र दुर्लक्षित राहतो. वास्तविक या मुक्कामासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात : स्वतःच्या मालकीचा वेळ आणि पाय ठेवण्यास मोकळी जमीन. श्रमिकांना या दोन्ही गोष्टी आपोआप मिळालेल्या नाहीत. इंग्लंडमधील मँचेस्टर व त्याच्या परिसरातील उदाहरणाच्या आधारे हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

लंडन येथे १८५७ मध्ये स्थापन झालेला अल्पाइन क्लब हा जगातील पहिला गिर्यारोहण क्लब मानला जातो. वकील, धर्मोपदेशक, प्राध्यापक अशा सुस्थित वर्गातील पुरुष त्याचे सभासद होते. इंग्लंड व वेल्समधील कडे हे त्यांच्या दृष्टीने आल्प्सच्या पूर्वतयारीचे ठिकाण होते. डब्ल्यू. पी. हॅस्केट स्मिथ यांनी १८८६ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधील नेप्स नीडल हा सुळका एकट्याने सर केला. ब्रिटनमध्ये प्रस्तरारोहण ही स्वतंत्र क्रीडा म्हणून ओळखली जाऊ लागली ती साधारणपणे या घटनेपासून. या पिढीचा मुक्काम वॉसडेल हेड किंवा पेन-अ-ग्विरिड येथील पांथशाळांमध्ये असे आणि त्यांची सहल नाताळ वा ईस्टरच्या सुट्टीत कित्येक दिवस चाले. एका रात्रीच्या मुक्कामाची त्यांना गरज नव्हती. कारण त्यांच्यापाशी वेळ होता.

पुढील काळात ही क्रीडा औद्योगिक शहरांतील मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. मँचेस्टरचा रकसॅक क्लब १९०२ मध्ये, तर फेल अँड रॉक क्लायंबिंग क्लब १९०६ मध्ये स्थापन झाला. क्लायंबर्स क्लबने १९२५ मध्ये वेल्समधील हेलिग येथे आपली निवासाची झोपडी सुरू केली. तथापि, सभासदत्वासाठी लागणारी शिफारस, वर्गणी आणि सामाजिक प्रतिष्ठा या गोष्टी कारखान्यातील तरुणाच्या आवाक्याबाहेरच राहिल्या.

वेळेचा प्रश्न

सप्ताहअखेर ही संकल्पना कामगार कायद्यांच्या इतिहासाशी निगडित आहे. मँचेस्टरमधील वखारी व कचेऱ्यांतील नोकरांना १८४३ मध्ये शनिवारची अर्धी सुट्टी मिळाली. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविण्याचे बंधन घातले. त्यांच्याशिवाय गिरणी चालविणे कठीण असल्याने या तरतुदीचा लाभ पुरुषांनाही झाला. दीड दिवसाचा हा सलग अवकाश फुटबॉलला उपकारक ठरला, तसाच तो डोंगराकडे जाणाऱ्यांनाही ठरला. एका रविवारात डोंगर गाठून परतता येते. परंतु शनिवारची दुपार मोकळी असल्याखेरीज रात्रीचा मुक्काम शक्य होत नाही. हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी मुक्कामी सहलीचा संपूर्ण इतिहास त्यावर उभा आहे.

भूमीचा प्रश्न

वेळ मिळाल्यानंतर प्रश्न उरला तो जमिनीचा. मँचेस्टर व शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील वालुकाश्माचे खरखरीत कडे फार उंच नाहीत. मात्र बोटांची व तोल सांभाळण्याची परीक्षा पाहणारे आहेत. या पठारांचा मोठा भाग जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होता व त्यावर रखवालदारांचा पहारा असे. डोंगरांवर जनतेला प्रवेश मिळावा यासाठी जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये संसदेत विधेयक मांडले. परंतु ते संमत झाले नाही.

२४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुण कामगाराच्या पुढाकाराने काही शे तरुण हेफील्ड येथून निघून किंडर स्काउटच्या बंदिस्त पठारावर जाणीवपूर्वक शिरले. रॉथमनसह पाच जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. या एकाच घटनेने कायदा बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; कारण पदभ्रमण संघटनांची सनदशीर चळवळ त्यापूर्वीपासून चालू होती आणि त्यांतील काहींना हा मार्ग मान्यही नव्हता. मात्र सुशिक्षितांच्या सभांत चर्चिला जाणारा प्रश्न या शिक्षांमुळे सर्वसामान्यांच्या तोंडी आला, हे नाकारता येत नाही. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने व प्रवेशविषयक कायदा संमत झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

मुक्काम, दोर आणि मंडळ

त्याच वर्षी, म्हणजे १९५१ मध्ये, मँचेस्टर येथे रॉक अँड आइस क्लब स्थापन झाला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. जो ब्राउन (१९३०–२०२०) आणि डॉन व्हिलन्स (१९३३–१९८५) हे त्याचे सर्वपरिचित सभासद होत. दोघेही श्रमिक वस्तीत वाढलेले व नळकामाच्या व्यवसायात शिकलेले. त्यांचा मुक्काम पांथशाळेत नसे. तो तंबूत, गोठ्यात, किंवा कड्याच्या आडोशाला असे. युद्ध संपल्यावर सैन्याचे जुने तंबू, दोर व कड्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या आणि साहित्याची अडचण काही अंशी दूर झाली. अंबाडीच्या दोराची जागा नायलॉनच्या दोराने घेतली. जुना दोर झटक्याने तुटण्याची भीती असल्याने पुढच्या आरोहकाने पडताच कामा नये, असा दंडक होता. नव्या दोरामुळे ही भीती पुष्कळ कमी झाली व अधिक अवघड चढाईचे धाडस शक्य झाले. कातळाच्या भेगेत दगड अडकवून त्याभोवती दोराचा फास घालण्याची युक्ती आरोहकांना परिचित होती. पुढे कारखान्यातील पोलादी चक्क्यांमधून दोर ओवून त्याच भेगांत अडकविल्या जाऊ लागल्या. कामाच्या ठिकाणची वस्तू अशा रीतीने कड्यावर जीवरक्षक ठरली.

वेल्समधील सेमेटरी गेट्स (१९५१) व सेनोटाफ कॉर्नर (१९५२) या ब्राउन यांच्या चढाया सप्ताहअखेरीच्या याच संस्कृतीतून घडल्या. २५ मे १९५५ रोजी ब्राउन व जॉर्ज बँड यांनी कांचनगंगा हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर प्रथम सर केले आणि सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून ते माथ्याच्या किंचित खाली थांबले. आठवड्यातून दीड दिवस मोकळा मिळणारा कारागीर हिमालयातील अशा शिखरापर्यंत पोहोचला, यामागे त्याचे अंगभूत कौशल्य होते, तसेच वेळ व भूमी यांसाठी शतकभर चाललेला लढाही होता.

या इतिहासाच्या मर्यादा

ही कथा केवळ गौरवाची नाही. श्रमिक पुरुषांना मिळालेला अवकाश श्रमिक स्त्रियांना त्या प्रमाणात मिळाला नाही. घरकामाला शनिवारची सुट्टी नव्हती. एमिली केली यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये केवळ स्त्रियांचा पिनॅकल क्लब स्थापन झाला, यातच इतर मंडळांतील त्यांच्या स्थानाची कल्पना येते. दुसरी मर्यादा साधनांची आहे. आपणांस उपलब्ध असलेल्या आठवणी प्रामुख्याने पुढे कीर्ती पावलेल्यांच्या आहेत. जो सभासद वर्षानुवर्षे दोर धरून खाली उभा राहिला, त्याचे नाव चढाईच्या नोंदीत दुसऱ्या क्रमांकावर येते वा येतही नाही.

मुंबईचा संदर्भ

कापडाच्या उद्योगामुळे मँचेस्टरशी जिची तुलना होत असे, त्या मुंबईचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. मुंबईपासूनही सह्याद्री जवळच आहे. १९५४ मध्ये येथे गिरिविहार ही संस्था स्थापन झाली. शनिवारी रात्रीच्या लोकलने कर्जत वा कसारा गाठून पहाटे गड चढण्याची प्रथा पुढे दृढ झाली. येथे गडाच्या वाटेवर जमीनदाराचा पहारा नव्हता; उलट शिवकालाच्या स्मृतीमुळे गडावर जाणे पुण्यकारकच मानले गेले. गावातील देऊळ व गडावरील लेणे हीच मुक्कामाची जागा झाली.

असे असूनही या संस्थांचे सभासद प्रामुख्याने विद्यार्थी व पगारदार मध्यमवर्गातून आले. गिरणगावातून ब्राउन वा व्हिलन्स पुढे आले नाहीत. याचे एक कारण वेळेत शोधता येईल. मुंबईच्या कामगाराला एक दिवस मिळाला, दीड नव्हे. दुसरे कारण असे की, कोकणातून व घाटावरून आलेल्या या कामगाराचे घर डोंगराच्या पायथ्याशीच होते. मोठ्या रजेत तो डोंगराकडे जाई, तो शेतीसाठी व कुटुंबासाठी. ज्याला डोंगर हे कष्टाचे ठिकाण आहे, त्याला तो विरंगुळ्याचे ठिकाण सहजासहजी वाटत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कड्याखालची एक रात्र ही कामाचे तास, भूमीची मालकी, साहित्याची किंमत आणि मंडळाचे दार यांच्या इतिहासाचे फलित आहे. यांपैकी एक जरी गोष्ट नसली, तरी माणूस कितीही धाडसी असो, तो घरीच राहतो. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी गिरिभ्रमणाच्या सहली निघतात. त्यांत सहभागी झालेल्यांची यादी आपण ठेवतो. परंतु शनिवारी अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी किंवा घरून रात्रीच्या मुक्कामाची परवानगी न मिळालेली विद्यार्थिनी त्या यादीत नसते. क्रीडेचा सामाजिक इतिहास लिहावयाचा असेल, तर या न आलेल्यांची नोंद घेण्यापासून आरंभ करावा लागेल.