सहाशे चाळीस केबींची भिंत

आजच्या साध्या मोबाइल फोनमध्येही चार-सहा जीबी मेमरी असते. ती कुठे आणि कशी खर्च होते, हे कुणी विचारत नाही. पण १९८० च्या दशकात आणि नव्वदीच्या पूर्वार्धात ज्यांनी संगणक हाताळला, त्यांना मेमरीचा हिशेब पै-पैने ठेवावा लागे. त्या काळी एक चमत्कारिक तक्रार सर्रास ऐकू येई. यंत्रात चार एमबी मेमरी आहे, म्हणजे ४,०९६ केबी. तरीही एखादा प्रोग्रॅम सुरू करावा, तर पडद्यावर उत्तर येई की मेमरी पुरत नाही. घरात चार खोल्या रिकाम्या असाव्यात आणि पाहुण्याला मात्र जागा नाही म्हणून दारातूनच परत पाठवावे, तसा हा प्रकार. तो का घडत होता, त्याची ही गोष्ट.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. हार्ड डिस्क हे कपाट आहे आणि मेमरी हे काम करायचे टेबल. कपाट कितीही मोठे असले, तरी काम करताना कागद टेबलावरच पसरावे लागतात. प्रश्न होता तो या टेबलाचा.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला घर-क्रमांकासारखा एक पत्ता असतो. या प्रोसेसरला पत्ता लिहिण्यासाठी वीस तारा होत्या. वीस तारांवर शून्य आणि एक यांच्या जितक्या जुळण्या होतात तितके पत्ते, म्हणजे १०,४८,५७६. यालाच आपण एक एमबी म्हणतो. त्यापलीकडचे घर या प्रोसेसरला दिसतच नसे.

या एक एमबीची वाटणी आयबीएमच्या अभियंत्यांनी केली. खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी आणि वरचे ३८४ केबी पडदा, निरनिराळी कार्डे आणि यंत्राच्या मूळ सूचना यांच्यासाठी राखीव. खालच्या भागाला पुढे 'कन्व्हेन्शनल मेमरी' हे नाव पडले. ही वाटणी कंजूषपणाची नव्हती. त्याआधीच्या लहान संगणकांची धाव ६४ केबीपर्यंत होती. इथे त्याच्या दसपट जागा मिळत होती. शिवाय आयबीएमचे सर्वांत स्वस्त यंत्र अवघ्या १६ केबी मेमरीसह विकले जात होते. सहाशे चाळीस केबी कुणालाही पुरतील, असे बिल गेट्स म्हणाल्याचे सांगतात. आपण असे कधीच म्हटले नाही, असा खुलासा त्यांनी स्वतः केला आहे आणि त्याचा पुरावाही कुणी दाखवू शकलेले नाही. पण ती भावना त्या काळी अनेकांची असावी, म्हणूनच तर ते वाक्य इतके टिकले.

जागा भरायला फार वर्षे लागली नाहीत. १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा प्रोग्रॅम आला आणि लोक मोठमोठे तक्ते मांडू लागले. तक्ता वाढला की मेमरी संपे. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक तोड काढली. जादा मेमरी वेगळ्या कार्डावर बसवायची आणि राखीव भागातल्या ६४ केबीच्या खिडकीतून तिची १६-१६ केबींची पाने आळीपाळीने दाखवायची. थोडक्यात, टेबल लहानच ठेवून त्यावरचे कागद सारखे बदलत राहायचे.

दरम्यान प्रोसेसर मोठे झाले होते. १९८४ च्या आयबीएम एटी यंत्रातला ८०२८६ हा प्रोसेसर सोळा एमबीपर्यंत पोहोचू शकत होता. मग भिंत का पडली नाही? कारण सगळे जग डॉसवर चालत होते आणि डॉस व त्यावरचे हजारो प्रोग्रॅम जुन्या ८०८८ च्या रीतीने लिहिलेले होते. ते चालावेत म्हणून नवा प्रोसेसरही डॉसखाली जुन्याचे सोंग घेऊन काम करी. काही जुने प्रोग्रॅम तर असे होते की एक एमबीच्या टोकाला पोहोचल्यावर पत्ता पुन्हा शून्यावर येतो, या गोष्टीवरच ते विसंबून होते. त्यांच्यासाठी आयबीएमने एकविसाव्या तारेला चक्क एक फाटक बसवले आणि ते उघडण्या-मिटण्याचे काम कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे सोपवले! जुना शब्द पाळण्यासाठी माणसे किती खटाटोप करतात, याचा हा नमुना.

पुढे याच फाटकाचा उपयोग झाला. ते उघडले, की एक एमबीच्या लगेच वरचे ६५,५२० बाइट जुन्या रीतीनेही हाताशी येत. जून १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५ ने स्वतःचा बराचसा पसारा तिथे हलवला. त्याआधी १९९० मध्ये डिजिटल रिसर्च कंपनीच्या डीआर-डॉस ५ ने अशी सोय दिली होती. दुसरी युक्ती ८०३८६ प्रोसेसरमुळे शक्य झाली. वरच्या राखीव ३८४ केबींपैकी पुष्कळ पत्ते प्रत्यक्षात रिकामेच असत. त्या रिकाम्या पत्त्यांवर खरी मेमरी जोडायची आणि माउस, सीडी, नेटवर्क वगैरे सांभाळणारे छोटे प्रोग्रॅम तिकडे पाठवायचे.

हे सारे वापरणाऱ्यालाच करावे लागे. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फायली उघडायच्या, त्यात हायमेम, ईएमएम३८६, डॉस-हाय, लोड-हाय अशा ओळी घालायच्या, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि मेम ही आज्ञा देऊन किती जागा सुटली ते पाहायचे. त्यात क्रमालाही महत्त्व होते. काही प्रोग्रॅम स्थिरावल्यावर थोडी जागा घेत. पण आत शिरताना त्यांना जास्त जागा लागे. भरल्या बसमध्ये बोचके घेऊन चढणाऱ्या माणसासारखे. त्यांना आधी आत घेतले तरच सगळे मावत. हे कोडे सोडवण्यासाठी क्वार्टरडेक कंपनीचा 'क्यूईएमएम' लोक विकत घेत. १९९३ च्या डॉस ६ सोबत 'मेममेकर' आला. तो स्वतःच निरनिराळ्या जुळण्यांचा हिशेब करून यंत्र पुन्हा सुरू करून पाही.

इतके करूनही सर्वांचे समाधान होत नसे. १९९२ चा 'अल्टिमा ७' हा खेळ ईएमएम३८६ चालू असेल तर सुरूच होत नसे. मग अशा खेळासाठी वेगळी फ्लॉपी तयार ठेवायची आणि यंत्र तिच्यावरून सुरू करायचे.

आपल्या भाषेचा प्रश्न याच काळात या यंत्रांपुढे उभा राहिला. पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' हे कार्ड दिले आणि डॉसच्या इंग्रजी पडद्यावर देवनागरी उमटू लागली. त्यासाठीच्या 'इस्की' या भारतीय मानकात एका अक्षरचिन्हाला एक बाइट पुरे. 'कविता' हा शब्द पाच बाइटांत बसे. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याच शब्दाला पंधरा बाइट लागतात आणि ते कुणाला जाणवतही नाही. मात्रा मोजून ओळ लिहिणाऱ्याला मात्र त्या पाच बाइटांचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि सामान्य माणसाची या हिशेबातून हळूहळू सुटका झाली. पण जुना शब्द अजून पाळला जातोच आहे. इंटेल धाटणीचे प्रोसेसर आजही सुरू होताना क्षणभर त्या जुन्या ८०८८ च्या रीतीनेच जागे होतात. हा वारसा कमी करण्याचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला आणि २०२४ मध्ये मागे घेतला.

यात दोष कुणाचा? १९८१ चे अभियंते चुकले, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांनी गरजेच्या दसपट दिले होते. खरी अडचण अशी, की सोय एकदा लोकांच्या हाती गेली की ती बनवणाऱ्याची राहत नाही. तिच्यावर इतरांची घरे उभी राहतात आणि मग पायाचा दगड हलवता येत नाही. किंमत मोजतो तो रात्री बसून दोन फायलींत ओळी बदलणारा माणूस.

हीच गोष्ट तारखांचीही आहे. सालाचे दोनच आकडे साठवण्याच्या काटकसरीने २००० साली जगाला धावपळ करायला लावली. सेकंद मोजणारे अनेक जुने बत्तीस-बिटी घड्याळ-हिशेब १९ जानेवारी २०३८ रोजी भरून संपणार आहेत. तेव्हा आज कुणी 'एवढे पुष्कळ झाले' असे म्हणत एखादी मर्यादा आखत असेल, तर त्याने आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. ही भिंत उद्या पाडायची झाली, तर तिच्या आधाराने तोवर किती जण राहत असतील?