मुक्तिस्मारक नाणी, सोव्हिएट व रशियन
शत्रूच्या ताब्यातील प्रदेशाची मुक्तता व त्यासाठी लढलेले सैनिक यांच्या स्मरणार्थ पाडलेली नाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर (१९३९–४५) अनेक राष्ट्रांनी अशी नाणी काढली. सोव्हिएट संघाचे सुमारे २ कोटी ७० लक्ष लोक या युद्धात मृत्यू पावले. त्यामुळे तेथील नाण्यांत या विषयाला विशेष स्थान मिळाले.

विजयदिन (९ मे) १९४८ पासून कामाचा दिवस गणला जाई. १९६५ मध्ये त्यास पुन्हा सार्वजनिक सुटीचा दर्जा देण्यात आला. त्याच वर्षी विजयाच्या विसाव्या वर्धापनदिनानिमित्त क्युप्रोनिकेलचे एक रूबलचे नाणे निघाले. सोव्हिएट राजवटीतील हा पहिला स्मारक-रूबल होय. त्याच्या सुमारे ६ कोटी प्रती पाडण्यात आल्याने तो सर्वसामान्यांच्या व्यवहारात आला. त्यावर बर्लिनच्या ट्रेप्टो उद्यानातील येव्हगेनी वुचेटिच या शिल्पकाराचा ‘मुक्तिदाता सैनिक’ (१९४९) अंकित आहे. एका हातावर वाचविलेली बालिका, दुसऱ्या हातात खाली झुकविलेली तलवार आणि पायाखाली भग्न स्वस्तिक, असे त्याचे स्वरूप आहे. या उद्यानात सुमारे ७,००० सैनिक पुरलेले आहेत. राज्यकर्त्याऐवजी अनामिक सैनिकाला दिलेले स्थान हे या नाण्याचे वैशिष्ट्य. १९७५ च्या रूबलवर व्होल्गोग्राड येथील मातृभूमीचा पुतळा, तर १९८५ च्या रूबलवर देशभक्तिपर युद्धाचे सन्मानचिन्ह आढळते.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर (१९९१) रशियाने ही परंपरा पुढे चालविली. २०१६ मध्ये सोव्हिएट सैन्याने मुक्त केलेल्या राजधान्यांविषयी पाच रूबलच्या १४ नाण्यांची मालिका निघाली. तीत वॉर्सा, प्राग, व्हिएन्ना यांच्याबरोबर टॅलिन, रीगा व व्हिल्न्यस यांचाही समावेश होता. तथापि एस्टोनिया, लॅटव्हिया व लिथ्युएनिया हे देश १९४० मध्ये सोव्हिएट संघाने बळकावले होते. १९४१ मध्ये ते जर्मनांकडे गेले व १९४४ नंतर त्यांवर पुन्हा सोव्हिएट अंमल बसला. त्यामुळे नाण्यावरील मुक्तता तेथील लोकांच्या लेखी दुसऱ्या पारतंत्र्याचा आरंभ ठरते. रीगाच्या नाण्यावर दाखविलेले विजयस्मारक (१९८५) लॅटव्हियाने २०२२ मध्ये पाडून टाकले. नाण्यावर मात्र ते कायम आहे.

स्मारक-नाणे हे घटनेइतकेच ते पाडणाऱ्या राज्याच्या दृष्टिकोनाचे साधन असते. म्हणून सैनिकाचा त्याग आणि राज्याने त्यास दिलेला अर्थ यांचा विचार इतिहासाच्या अभ्यासकास स्वतंत्रपणे करावा लागतो.