मन्नारची ‘मत्स्यकन्या’ आणि पाल्कच्या उपसागरातील डुगाँग : साधनांच्या अनुषंगाने एक विचार

सागरी प्राण्यांचा इतिहास अभ्यासताना साधनांची एक वेगळीच अडचण जाणवते. वाघ, हत्ती यांचे उल्लेख शिकारीच्या वर्णनांत, दरबारी लेखनात, महसुली कागदपत्रांत विपुल सापडतात. पाण्याखाली जगणाऱ्या प्राण्याची नोंद मात्र बहुधा तो जाळ्यात सापडल्यावरच होते. डुगाँग अथवा समुद्रगाय या सस्तन प्राण्याविषयीची भारतीय साधने म्हणूनच मुख्यतः त्याच्या मृत्यूची साधने आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यातील एक नोंद गोव्याशी निगडित आहे. जेम्स इमर्सन टेनंट याने श्रीलंकेच्या निसर्गेतिहासावरील १८६१ च्या ग्रंथात जेसुइट वृत्तांताच्या आधारे एक हकिकत दिली आहे. १५६० मध्ये मन्नार येथे सात ‘मत्स्यकन्या’ (त्यांत नरही होते!) पकडण्यात आल्या आणि व्हाइसरॉयचा वैद्य दिमास बोस्की याने त्यांचे विच्छेदन केले. त्यांची आंतररचना सर्वस्वी मानवासारखी असल्याचा निर्वाळा त्याने दिला, असे हा वृत्तांत सांगतो. हाच बोस्की गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधीविषयक ग्रंथाशी संबंधित होता. तेव्हा त्यास केवळ भोळसट ठरविणे योग्य नव्हे. डुगाँगची मादी पुढच्या परांजवळील स्तनांनी पिलास पाजते. दंतकथेच्या चौकटीतून पाहणाऱ्यास एवढे साम्य पुरेसे झाले असावे.

पुढे १९०५ मध्ये नेल्सन अनंडेल याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात डुगाँगच्या बाह्य लक्षणांची व सवयींची शास्त्रीय टिपणे प्रसिद्ध केली. दंतकथा मागे पडली; परंतु निरीक्षणाचा मार्ग पुष्कळसा कोळ्यांच्या जाळ्यातूनच जात राहिला. मांस व तेल यांसाठी होणाऱ्या शिकारीमुळे प्राणी किनाऱ्यावर येई आणि अभ्यासकास नमुना मिळे. मात्र किती मारले गेले यावरून समुद्रात किती होते, हे सिद्ध होत नाही. आजच्या संख्येची तुलना कोणत्या पूर्वस्थितीशी करावयाची, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डुगाँगला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले व शिकार बेकायदेशीर ठरली. तथापि केवळ बंदीने हा प्राणी सावरणे कठीण आहे. मादी सुमारे तेरा-चौदा महिन्यांच्या गर्भधारणेनंतर एकच पिलू देते आणि दोन विणींत कित्येक वर्षांचे अंतर असते. श्वासासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. जाळ्यात अडकलेला डुगाँग गुदमरून मरतो; तेथे कोळ्याचा हेतू कोणता होता यास अर्थ उरत नाही. शिवाय त्याचे अन्न असलेली समुद्रगवताची कुरणे ट्रॉलरच्या जाळ्यांनी खरवडली जातात. बेरिंग समुद्रातील स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये युरोपीयांना ज्ञात झाली आणि १७६८ पर्यंत नामशेष झाली, हे येथे आठवते. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१३ मधील अंदाजानुसार भारतीय सागरात सुमारे २०० डुगाँग उरले होते. कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर, तसेच अंदमान-निकोबार या तीन क्षेत्रांत ते विखुरलेले आहेत.

सप्टेंबर २०२२ मध्ये तामिळनाडू शासनाने पाल्कच्या उपसागराच्या तंजावर व पुदुकोट्टई जिल्ह्यांलगतच्या सुमारे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्रात देशातील पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. ‘संवर्धन राखीव’ हा वर्ग कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. त्याच्या घोषणेपूर्वी स्थानिक समुदायांशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या तुलनेत ही तरतूद मवाळ म्हणून तिच्यावर टीका होऊ शकते. परंतु जाळे ज्याच्या हाती आहे त्याला वगळून येथे काहीच साधणार नाही, हे ध्यानी घेता तीच अधिक व्यवहार्य वाटते. जाळ्यात आलेला डुगाँग जिवंत सोडणाऱ्या कोळ्यांचा तेथे वन विभागाकडून सत्कार होतो व त्यांना रोख पारितोषिक दिले जाते. या प्राण्याच्या दफ्तरात सुटकेच्या नोंदी त्यामुळे आता जमा होऊ लागल्या आहेत.