वेडी बाभूळ : नाव आणि नकाशा

बीड जिल्ह्याच्या वनस्पतिजीवनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे प्रथम साधनांचा प्रश्न उभा राहतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्य बदलले की दप्तराची भाषा बदलते. आणि पडीत जमिनीवरील झुडपाची दखल कोणतेही दप्तर सहसा घेत नाही. अशा वेळी शब्दाची साक्ष काढावी लागते.

'वेडी बाभूळ' हे नावच पाहावे. बाभूळ आधीपासून परिचयाची होती, म्हणूनच नवागत झाडाला तिचे नाव देऊन त्यावर विशेषण चढवावे लागले. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. जळणासाठी व उजाड जमीन झाकण्यासाठी ते १८७७ च्या सुमारास हिंदुस्थानात आले. नावावरून आगमनाचा क्रम कळतो. विस्तार मात्र कळत नाही.

विस्तारासाठी उपग्रहचित्रांकडे वळावे लागते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व अवरक्त प्रकाश परत फेकते, हे या वाचनाचे मूळ तत्त्व होय. पावसाळ्यात सारेच हिरवे असते. वैशाखात गवत वाळते, पुष्कळ देशी झाडे निष्पर्ण होतात. ओढ्याकाठची वेडी बाभूळ मात्र हिरवी राहते. म्हणून उन्हाळ्यातील चित्र अधिक बोलके ठरते. तथापि लिंब, चिंच आणि पाटाखालचा ऊसही तेव्हा हिरवाच असतो, हे विसरता कामा नये.

येथे इतिहासकाराने विशेष सावध राहिले पाहिजे. १९७२ च्या पहिल्या लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरांचा होता. २०१५ च्या सेंटिनल-२ चा १० मीटरांचा आहे. जुन्या चित्रात झुडूप दिसत नाही एवढ्यावरून ते तेथे नव्हते असे सिद्ध होत नाही. जे वाढले ते झुडूप की आपली दृष्टी, हे आधी ठरविले पाहिजे.

हा वाद केवळ पांडित्याचा नव्हे. चित्रातील वाढती हिरवळ वनसंपदा म्हणून मोजली, तर मेंढपाळाचे गेलेले कुरण हिशेबात येत नाही. सरसकट उपद्रव म्हणून ती तोडली, तर गरिबाच्या चुलीचे सरपण जाते. शेळ्या-मेंढ्या हिच्या शेंगा खातात व त्यांच्या लेंड्यांतून बी पसरते. म्हणजे कुरण गिळणाऱ्या झाडाचा प्रसार कुरणावर जगणारी जनावरेच करतात. म्हणून नकाशातील प्रत्येक संशयित ठिपक्यापाशी प्रत्यक्ष जाऊन, तेथील माणसे त्या झाडाला काय म्हणतात हे टिपून घेणे अगत्याचे आहे. उपग्रहाला हिरवेपणा दिसतो. तो कोणाचा, हे गावच सांगू शकते.