दहीकाल्यातील राळ आणि पडद्यावरील लखलखाट

तळकोकणात ज्याला दशावतार म्हणण्यापेक्षा ‘धयकालो’ (दहीकाला) म्हणण्याकडेच लोकांचा ओढा अधिक, ते नाट्य आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी 1728 मध्ये रूढ केले असे परंपरा सांगते. आणि तेव्हापासून मोचेमाड, वालावल, नेरूर, आरोली या गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मंडळींनी सोंगांची व संवादांची जी संपदा जतन केली, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र आज त्या सोंगांवर पडणाऱ्या उजेडाविषयी लिहावयाचे आहे.

कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांना आरंभ होतो. पालखीची प्रदक्षिणा झाली, मानकऱ्यांचे मान वहिवाटीप्रमाणे पार पडले, की देवळाच्या सभामंडपात एक पडदा, एक लाकडी बाकडे आणि पेटी-मृदंग-झांज एवढ्या सामग्रीवर रात्र उभी राहते. दिवट्यांच्या काळात नटाचा अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा काळोखात असे. आणि राक्षसाच्या प्रवेशाला मशालीपाशी उभा असलेला माणूस मुठीतली राळ ज्योतीवर भिरकावी, तेव्हा क्षणार्धात आगीचा लोळ छताकडे झेपावे, पुढच्या रांगेतल्या पोरांच्या गालांना धग लागे, खांबाआडून एखादी आजी ‘मागे सरान बस रे’ म्हणून ओरडे, आणि त्या भडक्यानंतर डोळ्यांपुढे जो गर्द काळोख दाटे, त्यातच राक्षसाची आरोळी ऐकू येई. राळ म्हणजे साल वृक्षाच्या डिंकाची पूड. पुन्हा मूठ भरावयाची, ज्योत सावरावयाची, सोंगाची चाल पाहावयाची, यात वेळ जाई. म्हणून दोन भडक्यांमध्ये आपोआपच अंतर पडे. त्या अंतरातच भीतीचे सारे बळ साठलेले होते, असे माझे ठाम मत आहे.

पुढे गॅसबत्ती आली आणि तिच्या संथ फुसफुसाटाबरोबर स्थिर, पांढरा उजेड आला. त्यानंतर वीज आली. आपल्याकडील विजेचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतो, पण तो वेग इतका मोठा की डोळ्यांमागील मेंदूवर त्याचा आघात सहसा होत नाही. घातक वेग त्याच्या पुष्कळ खाली असतो: सेकंदाला पंधरा ते पंचवीस वेळा प्रकाशाची उघडझाप झाली, तर प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तीच्या मेंदूतील पेशी त्याच तालावर एकसमयावच्छेदेकरून पेटू लागतात आणि झटका येतो. साधारण चार हजारांत एकाला ही व्याधी असते, आणि ती बहुधा शाळकरी वा कुमार वयात प्रथम प्रकटते. माडांच्या रांगेतून धावणाऱ्या एस. टी.च्या खिडकीत सायंकाळच्या उन्हाची जी उघडझाप होते, तीदेखील अशा मुलाला पुरेशी ठरू शकते. चरकसंहितेने अपस्माराच्या रोग्याला झटक्यापूर्वी दिसणाऱ्या रूपांचे रंग दोषपरत्वे वेगवेगळे सांगितले आहेत. डोळा आणि हा रोग यांचे नाते आपल्या वैद्यांच्या नजरेतून निसटले नव्हते.

आता ‘ट्रिकसीन’चे, म्हणजे दिव्यांच्या करामतींनी चमत्कार दाखविणारे, दशावतार लोकप्रिय झाले आहेत. त्यांच्या वैभवाविषयी मला आकस नाही. नवल पाहण्याची भूक जुनीच आहे. परंतु रंगीत दिव्यांची अखंड उघडझाप आणि रात्रभराचे जागरण यांचा संयोग मला अस्वस्थ करतो. कारण झोपमोड हेच अपस्माराच्या झटक्याचे एक प्रमुख निमित्त आहे, आणि दहीकाला तर पहाटेशिवाय फुटत नाही.

हा तिढा जगाने सोडविला तो नाट्यगृहात नव्हे, तर मुलांच्या पडद्यावर. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या चित्रमालिकेच्या एका भागात तांबडा व निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून चमकला, आणि सुमारे 685 जणांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. ब्रिटनमध्ये त्याआधीच, 1993 मधील एका जाहिरातीनंतर, पडद्यावरील लखलखाटावर निर्बंध घालण्याची तजवीज सुरू झाली होती. त्या नियमांचे सार असे की, सेकंदात तीनाहून अधिक वेळा प्रकाश-अंधार करावयाचाच असेल, तर त्याने पडद्याच्या चतुर्थांशाहून अधिक जागा व्यापू नये. गडद तांबड्या रंगाला तर त्याहूनही कमी मुभा.

व्हिडिओ गेम करणाऱ्यांची तक्रार अशी की, स्फोट, वीज आणि जादू यांचे तेज अशा निर्बंधांनी मावळेल. परंतु ‘सायबरपंक 2077’ या गेममधील तांबड्या-पांढऱ्या दिव्यांच्या एका दृश्याने डिसेंबर 2020 मध्ये एका समीक्षिकेला झटका आला, तेव्हा निर्मात्यांनी थोड्याच दिवसांत ते दृश्य सौम्य केले, आणि खेळाची भव्यता त्यामुळे उणावली नाही. चमक थोडी लांबवावी, तिची कडा हळूहळू विरू द्यावी, पार्श्वभूमी पूर्ण काळी न ठेवता करडी ठेवावी. असे केले तर तेज राहते आणि आघात जातो. मात्र लखलखाट बंद करण्याची सोय केवळ सेटिंगच्या तळाशी दडवून ठेवणे मला पुरेसे वाटत नाही. आपल्याला ही व्याधी आहे हे पुष्कळ मुलांना पहिल्या झटक्यानंतरच कळते, त्यामुळे सौम्य रूप आरंभापासूनच असावे.

आमच्या दशावतारी मंडळींना हे अवघड नाही. दिवे हाताळणाऱ्याने राळेचे अंतर पाळावे. आणि गणपतीचे सोंग पडद्याबाहेर येण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून एवढे पुकारावे की, पुढे अमुक प्रवेशात दिवे चमकणार आहेत. कोणाला फीट येत असेल तर त्याने मागे बसावे, आणि चमक सुरू होताच एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी.