भिंतीचे कूळ

भिंतीला कान असतात म्हणतात. तिला कूळही असते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

सातपुड्यातून उतरणाऱ्या कन्हान नदीच्या वाळूने नागपूर परिसरातील कितीतरी पक्क्या भिंती उभ्या राहिल्या. पण याच मुलखातल्या खेड्यात घराच्या आत आडोसा घालायचा झाला, तर वाळू लागत नसे. तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या गुंफाव्यात, दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप द्यावा, वाळला की पांढऱ्या मातीचा हात फिरवावा, झाला कूड! माती तडकू नये म्हणून तीत भुसा मिसळीत. ही युक्ती अडाण्याची नव्हे. पाचव्या शतकात वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी अजिंठ्यात चित्रांखाली जो गिलावा बसला, त्यातही माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे आहेत.

आता शहरातल्या नव्या कचेऱ्या पाहा. तेथे पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्समचे तक्ते बसवून खोल्या पाडतात. जिप्सम हा मऊ दगड, आपल्या देशात मुख्यतः राजस्थानातला. सुमारे १५० अंश सेल्सियसवर भाजला की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी उडते. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती घट्ट होते. १८९४ साली अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट याने कागदाच्या थरांमध्ये हा लगदा बसवून तक्ता करण्याचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धात तिकडे मजुरांचा तुटवडा पडला आणि तक्त्यांचा खप झपाट्याने वाढला. आग लागली तर जिप्सममधले पाणी वाफ होऊन तिला काही काळ थोपवते, हा त्याचा मोठा गुण.

पण मांडणी कोणती? आत सांगाडा, दोन्ही अंगांनी आवरण. कूडच की हा! वैरीही दोघांचा एकच, ओल.

मान मात्र सारखा नाही. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत भिंत कशाची, हे नोंदवले गेले. गवत-बांबूचा रकाना निराळा, मातीचा निराळा. त्या रकान्यातला माणूस गरीब ठरतो, आणि टिचकी मारली तर पोकळ वाजणारी तक्त्याची भिंत घालणारा आधुनिक!

कूडच बरा, असे कोणी म्हणणार नाही. वाळवी, उंदीर आणि दर दिवाळीला कंबर मोडून केलेले सारवण ज्या बायांनी सोसले, त्यांना विटांची भिंत मिळायलाच हवी. पण कुडाच्या घरातून शाळेत येणाऱ्या पोराला ‘कच्च्या घरचा’ म्हणून कोणी हिणवू नये. त्याच्या आजीच्या हातची भिंत आणि सॅकेटचा तक्ता एकाच कुळातले आहेत.