शिशाच्या सैनिकांना कोणी मारलं?

एच. जी. वेल्स म्हटलं की आपल्याला टाइम मशीन आणि मंगळवासी आठवतात. याच वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. घरातल्या जमिनीवर शिशाचे सैनिक मांडायचे आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने समोरची फौज आडवी करायची, त्याचे रीतसर नियम त्यात आहेत. आज वॉरहॅमरच्या मिनिएचर रंगवून टेबलावर लढणारी मंडळी त्याच वंशातली. तोफेचा मारा खाल्लेल्या सैनिकांचे रंग उडाले असतील, बंदुका वाकल्या असतील. पण अशा सैनिकांची सर्वांत भयंकर हानी पुढे झाली ती लढताना नव्हे, काचेच्या दारांच्या देखण्या कपाटात जपून ठेवलेले असताना.

त्या काळातले प्रसिद्ध सैनिक लंडनच्या ब्रिटन्स कंपनीचे. जर्मन सैनिक भरीव असत आणि बाजार त्यांचाच होता. विल्यम ब्रिटन धाकटे यांनी १८९३ मध्ये पोकळ ओतकाम आणलं: वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि कडेचा थर गोठताच उरलेला परत ओतून घ्यायचा. धातू कमी, किंमत कमी. हाताने रंगवलेले हे सैनिक लाल पुठ्ठ्याच्या खोक्यात दोऱ्याने बांधून विकले जात. पोकळ ओतकाम १९६६ मध्ये थांबलं. एव्हाना त्यांच्याशी खेळलेली मुलं मोठी झाली होती, काही संग्राहक झाली होती, आणि संग्राहकाला कपाट लागतंच.

चांगलं कपाट म्हणजे ओकचं. आपल्याकडे सागवानाचा जो मान, तोच तिकडे ओकचा. धूळ जाऊ नये म्हणून दारं घट्ट बसवलेली. काही वर्षांनी सैनिकांच्या पायांवर पांढरी भुकटी दिसू लागायची, रंगाचे पापुद्रे सुटायचे, संगीन हात लावताच गळून पडायची. संग्राहकांनी याला ‘लेड रॉट’ म्हटलं, म्हणजे शिशाची सड. काहींनी तर साथ पसरू नये तसे बाधित सैनिक वेगळे काढले. कपाटावर संशय सहज येत नाही, कारण ते तर रक्षणासाठीच घेतलेलं असतं.

खरं तर ही प्रक्रिया माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षं माहीत होती. व्हिनेगरच्या वाफेवर शिसं ठेवलं की त्यावर पांढरा थर चढतो आणि तो खरवडून रंग करता येतो, हे ग्रीक पंडित थिओफ्रास्टसने लिहून ठेवलंय. पुढे डच कारागीर मातीच्या भांड्यात व्हिनेगर आणि शिशाच्या गुंडाळ्या ठेवून ती भांडी शेणखतात पुरत. खताची ऊब आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड उरलेलं काम करी. रेम्ब्राँच्या चित्रांतला पांढरा रंग हाच. आपले जुने रंगारी ज्याला सफेता म्हणत, तोही हाच.

ओकमधून ॲसेटिक आम्लाची वाफ थोडी थोडी निघतच असते. कपाट जितकं घट्ट, तितकी ती आत साठते. हवा दमट असली की शिशाचं ॲसिटेट बनतं, मग कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो आणि आम्ल पुन्हा मोकळं होतं, पुढच्या थराला भिडायला. म्हणून चिमूटभर आम्ल पुरतं. संग्राहकाच्या दिवाणखान्यात नकळत सफेत्याचा कारखाना चालू असायचा.

मग व्हार्निश? ते रंगाला घासण्यापासून वाचवतं, वाफेला मात्र थोडीफारच अडवतं. शिवाय पोकळ सैनिकाची आतली बाजू आणि पायाचा तळ उघडाच राहतो. वरून लखलखीत, खालून पोखरलेला.

संग्रहालयांचीही अशीच फजिती होत होती. १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ओडी यांनी एक साधी चाचणी सुचवली. कपाटासाठी वापरायच्या लाकडाचा किंवा कापडाचा तुकडा, जरासं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या काचेच्या बंद भांड्यात घालून ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायच्या. पट्टी बिघडली तर ते साहित्य बाद. सेंद्रिय आम्लांची चुगली शिशाची पट्टी करते. आजही जगभरची संग्रहालयं ही चाचणी वापरतात.

१९९० च्या दशकात मिनिएचर बनवणाऱ्यांनी शिसं सोडलं, आणि प्लास्टिकला तर या रोगाची बाधाच नाही. पण १९८० च्या दशकातल्या शिशाच्या मिनिएचर अजून हातोहात विकल्या जातात. त्या घेणारा हौशी गडी तळावर फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने वाळू चिकटवतो आणि एमडीएफच्या कप्प्यात ठेवतो. दोन्हींतून ॲसेटिक आम्ल निघतं. काचपेटी जोडायचं ते आंबट वासाचं सिलिकॉन? तो वासही त्याचाच. त्यापेक्षा पत्र्याचं किंवा काचेचं, थोडी हवा खेळणारं कपाट बरं, आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. जुनी मिनिएचर हाती आली की आधी उलटी करून तळ पाहा. पांढरी भुकटी दिसली तर फुंकर मारू नका, ब्रशने झटकू नका. ते शिशाचं कार्बोनेट आहे, विषारी. तिला झाकणाच्या डबीत वेगळं ठेवा, हात साबणाने धुवा आणि लहान भावंडांपासून डबी लांब ठेवा.